सुनंदाताईंचा विषय

सुनंदाताई वाघमाऱ्यांशी भांडता येत नाही. आमच्या सोसायटीत पुष्कळांनी प्रयत्न करून पाहिला आहे. मी सेक्रेटरी असल्यामुळे मला तर तो अधिकृतपणे करावा लागतो. तुम्ही तावातावाने त्यांच्या दारात उभे राहता, आवाज चढवता, चांगले रंगात येता, आणि नेमक्या त्या क्षणाला त्या मोबाइल तुमच्या तोंडासमोर धरून म्हणतात, "थांब थांब. शेवटचं परत म्हण. 'तुम्हाला अक्कल आहे का' म्हणालास, की 'अक्कल आहे का तुम्हाला'?"

आता सांगा, असलं वाक्य परत म्हणता येतं का? दुसऱ्यांदा म्हणताना आपण कुठल्या तरी सरकारी खिडकीत नाव-गाव सांगतोय असं वाटायला लागतं. मी पुटपुटत म्हटलं, "दुसरं." त्यांनी मान डोलावली. "हां. राग आला की मुंबईकर 'तुम्हाला' शेवटी टाकतो. थँक्यू हां. आता बोल, काय काम होतं?" मी कशासाठी आलो होतो ते मला आठवेना.

मुलुंड पूर्वेला आमची चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली सोसायटी आहे. सुनंदाताई दुसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात, एकट्या राहतात. वय सत्तावन्न. लग्न केलेलं नाही. टेलिफोन खात्यात तीस वर्षं नोकरी केली, त्यातली सुरुवातीची बरीचशी ऑपरेटर म्हणून, कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंककॉल जोडून देण्यात गेली. मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. माणसं निवृत्त झाली की योगासनं करतात, चारधामला जातात, सकाळी सहाला मोबाइलवर सुविचार पाठवतात. सुनंदाताईंनी भाषाशास्त्रात एम.ए. केलं. "वर्गातल्या पोरांच्या आया माझ्यापेक्षा लहान होत्या," त्या सांगतात. "एक पोरगी मला 'आंटी तू' म्हणायची. आंटी आणि वर तू! मी लगेच वहीत लिहून घेतलं."

एम.ए. झालं, पुढे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षाही त्या पास झाल्या. आता फक्त विषय ठरवायचा होता. वर्षभराच्या आत विषय मंजूर करून घ्यायचा, नाहीतर प्रवेश रद्द. 'फक्त' हा शब्द त्यांचा. त्या वर्षभरात आमच्या सोसायटीची जी वाट लागली, ती पाहता मी तो वापरला नसता.

पहिला विषय मीच दिला. म्हणजे मी घाईघाईत फळ्यावर सूचना लिहिली होती, 'उदया पाणि येनार नाही.' कुणाकडे तरी आलेल्या पाहुण्याने ती लाल पेनाने दुरुस्त केली. संध्याकाळी येऊन बघतो तर सुनंदाताई ओल्या फडक्याने ती दुरुस्ती पुसत होत्या.

"अहो ताई, चुकलं होतं माझं."

"चूक नाही रे, वापर आहे," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ब्रीदवाक्य. भाजीवाल्याच्या पाटीपासून मंत्र्याच्या भाषणापर्यंत सगळ्याला त्या हेच म्हणतात.

या ब्रीदवाक्यामागे एक गोष्ट आहे, ती त्या हसत हसत सांगतात. त्यांचं घर मूळचं धाराशिवकडचं, बालपण गोवंडीत. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी कुणाला तरी 'पानी कुठंय' असं विचारलं, तर सुपरवायझर बाईंनी त्यांना दुपारच्या जेवणापर्यंत 'पाणी, पाणी, पाणी' म्हणायला लावलं. बाकीच्या मुली खुदुखुदु हसत होत्या. "पुढची तीस वर्षं मी 'ण' असा म्हटला, जसा काही बँकेच्या लॉकरमधून काढतेय," त्या म्हणतात. "रिटायर झाले त्या दिवशी घरी आले, पेला भरला आणि मोठ्याने म्हटलं, पानी! काय गोड लागलं सांगू."

तर पहिला विषय झाला 'गृहनिर्माण संस्थांच्या फळ्यांवरील लेखन'. तो घेऊन त्या सांताक्रूझला विद्यापीठात आपल्या गाइडकडे गेल्या. गाइड डॉ. निमकर हा चौतीस वर्षांचा, सडपातळ, अत्यंत नम्र आणि कायम अर्धशिशी असल्यासारखा दिसणारा मुलगा. तो त्यांना मॅडम म्हणतो, त्या त्याला सर म्हणतात. त्याने विषय ऐकला आणि म्हणाला, "मॅडम, निरीक्षण सुंदर आहे. पण यात संशोधन-प्रश्न काय?"

पुढच्या प्रत्येक विषयाला तो हेच म्हणाला.

दुसरा विषय होता 'रिक्षाचालकांच्या नकाराच्या पद्धती'. यासाठी सुनंदाताई तीन दिवस स्टेशनबाहेर वही घेऊन उभ्या राहिल्या आणि दिसेल त्या रिक्षावाल्याला 'ऐरोली?' विचारू लागल्या. कुणी मान हलवायचा, कुणी जिभेने 'च्यक' करायचा, कुणी न थांबताच जायचा. झकास चाललं होतं. तिसऱ्या दिवशी एक भला माणूस म्हणाला, "बैठो." आता एवढ्या सज्जन माणसाला नाही कसं म्हणायचं? ताई बसल्या. ऐरोलीला उतरल्या, एक उसाचा रस प्यायल्या आणि परत आल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "एका चांगल्या माणसाने सगळा डेटा नासवला."

तिसरा विषय सांगायला मला अजून संकोच वाटतो. चौथ्या मजल्यावरच्या परबआजी गेल्या. सुनंदाताई सकाळपासून कोपऱ्यात बसून होत्या, आम्हाला वाटलं दुःखाने. येणारा प्रत्येक माणूस परबांच्या मुलाला विचारत होता, "कसं झालं?" आणि तो बिचारा पहिल्यापासून सांगत होता. दुपारी उशिरा आलेल्या कुणा मावशींना सांगताना तो मध्येच अडखळला. कोपऱ्यातून सुनंदाताई हळूच म्हणाल्या, "मग आई म्हणाली, चहा नको, जरा पडते." मुलगा म्हणाला, "हां, मग आई म्हणाली, चहा नको..." आणि पुढे सुरू झाला. त्याला ते विचित्र वाटलं नाही. आम्हाला वाटलं.

"ताई, मयताच्या घरी?" मी नंतर म्हटलं.

"अरे, सातव्या वेळेपासून त्याची गोष्ट नीट बसायला लागली. रडणंही थांबलं. सांगून सांगून माणूस दुःखाला आकार देतो. निमकर सरांना आवडेल हे."

निमकर सरांना निरीक्षण सुंदर वाटलं.

चौथा विषय तळमजल्यावर राहत होता. त्याचं नाव मुकुंद राणे. राणेकाका मालवणकडचे, आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्यात स्टोअरकीपर. बायको वारलेली. मुलगा संदेश आणि सून पूर्वा दोघंही अंधेरीला नोकरीला. त्यामुळे काका दिवसभर घरात एकटे आणि हाताशी वेळच वेळ. ते खिडकीच्या ग्रिलवर बांगडे सुकत घालायचे. सुनंदाताईंच्या कुंड्या बरोबर त्या ग्रिलच्या वर, दोन मजल्यांवर. ताईंनी झाडांना पाणी घातलं की खाली थेंब पडायचे आणि काका अंगणात येऊन वर तोंड करायचे.

"गे बाये, खालती माणसां रवतत की भुतां? शिरा पडली तुज्या तोंडार!"

मी बरीच वर्षं हा शिरा म्हणजे रव्याचा, साजूक तुपातला समजत होतो. मला वाटायचं, तोंडात शिरा पडला तर वाईट काय? सुनंदाताईंनीच मला सांगितलं की मालवणीत शिरा म्हणजे काट्याकुट्यांच्या फांद्या. त्यांना ते ठाऊक होतं, कारण वरून वाकून त्यांनीच काकांना विचारलं होतं, "राणे, शिरा म्हणजे नक्की काय? आणि 'तोंडार' म्हणता की 'तोंडावर'?"

काका अंगणात नाचायचेच बाकी राहिले. "माझो बांगडो भिजलो आणि हिका व्याकरण व्हया!"

आठ वर्षं हे भांडण चाललं. निमकर सरांनी 'शेजाऱ्यांच्या भांडणाची रचना' हाही विषय नाकारला, तेव्हा ताईंनी निदान कुंड्या हलवाव्यात असं मी सुचवलं. "अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "दिवसभरात माझ्याशी तेवढंच बोलतं कुणीतरी." मला वाटलं, थट्टा करताहेत.

जूनमध्ये एका सकाळी राणेकाका दाढी करता करता खाली कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत होते, आणि बोलणं गेलं होतं. म्हणजे अगदी गेलं नव्हतं. दोन शब्द उरले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?"

"शिरा पडली."

"हा कोण उभाय? मुलगा ना?"

"शिरा पडली."

डॉक्टर म्हणाले, असं होतं. बोलणं जातं, पण सवयीच्या शिव्या, आकडे, आरत्या मेंदूच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतात, त्या कधीकधी वाचतात. संदेशने विचारलं, "मग आरती का नाही राहिली?" डॉक्टरांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

गणपतीत खरी पंचाईत झाली. राण्यांकडे पाच दिवसांचा गणपती. दर्शनाला माणसांची रीघ. दारात काका खुर्चीत बसलेले, आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मनापासून म्हणायचे, "शिरा पडली!" पूर्वाच्या ऑफिसचे साहेब सपत्नीक आले, त्यांना शिरा पडली. पूर्वाच्या आईला पडली. भटजींना पडली. शेवटी आरतीच्या वेळी काकांनी डोळे भरून मूर्तीकडे पाहिलं, डावा हात छातीला लावला आणि गणपतीलाही तेच म्हणाले. संदेशने त्यांना उचलून आतल्या खोलीत नेलं आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. "काय करू यार," तो मला म्हणाला, "लोक हसतात. ते बघवत नाही."

तेवढ्यात सुनंदाताई मोदकांचा डबा घेऊन आल्या. आतून आवाज आला. त्या थबकल्या. पुन्हा आवाज आला. डबा माझ्या हातात कोंबून त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या, टीव्ही बंद केला, काकांसमोर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "राणे, परत म्हणा."

काकांनी म्हटलं.

"हे मघाशी मी बाहेरून ऐकलं ते नाही. ते वर चढत होतं, हे खाली येतंय."

काका त्यांच्याकडे बघतच राहिले. दोन महिन्यांत त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ताई रोज दुपारी राण्यांकडे जाऊ लागल्या. संदेशने आनंदाने किल्लीच देऊन टाकली. महिन्याभराने राण्यांच्या फ्रिजवर एक कागद लागला. 'शेवट वर गेला तर चहा. दोनदा पटापट, बाथरूम. 'शि' लांबवली तर पंखा. कुजबुजत, संदेश कुठे आहे. 'पडली'वर जोर, चॅनेल बदल.' शेजारी बाण काढून चाली दाखवल्या होत्या. पहिल्या दिवशी संदेशने चहाची चाल पंख्याची समजून पंखा लावला आणि त्याला अस्सल, जुन्या अर्थाने शिरा पडली. पण आठवड्याभरात घर रुळावर आलं. पूर्वा मला म्हणाली, "काल बाबा मला काहीतरी म्हणाले. कागदावर नव्हतं. ताईंना फोनवर ऐकवलं, तर म्हणाल्या, दमलीस का विचारतायत." ती हे सांगताना रडत होती.

इकडे निमकर सरांची अर्धशिशी पळाली. ताईंच्या तोंडून सगळं ऐकल्यावर तो म्हणे खुर्चीतून उठलाच. "मॅडम, हा विषय! एकाच वाक्यातून सगळा व्यवहार! डिसेंबरच्या समितीत मांडू. लगेच मंजूर होईल." ताई येताना सोसायटीभर वाटायला पेढे घेऊन आल्या. मुदत संपायला तीन आठवडे होते.

फक्त एक कागद बाकी राहिला होता, संमतीपत्र. ज्यांचा अभ्यास करायचा, त्यांची परवानगी. काकांना सही करणं शक्य नव्हतं, संदेश लगेच पेन काढून तयार.

"तुझी कशाला?" ताई म्हणाल्या. "त्यांना विचारायचं."

त्यांनी तो फॉर्म स्वतः मालवणीत उतरवला, येईल तशा. रविवारी मला साक्षीदार म्हणून बसवलं आणि एकेक ओळ काकांना वाचून दाखवली. काका लक्ष देऊन ऐकत होते. तुमचं बोलणं रेकॉर्ड करून त्याचं पुस्तक होईल, ते लोक वाचतील, ही ओळ आली. काकांनी खिडकीकडे मान वळवली आणि अगदी सपाट आवाजात म्हणाले, "शिरा पडली."

"झालं. हो म्हणाले," संदेश म्हणाला.

"नाही म्हणाले," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, ते सगळ्यालाच तेच म्हणतात!"

"ही चाल वेगळी आहे. मी आजवर ऐकलेली नाही."

त्यांनी आणखी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या वेळी काकांनी डाव्या हाताने तो फॉर्म ओढून घेतला, स्टुलावर नीट पसरला आणि त्यावर चहाची बशी ठेवली.

संध्याकाळी ताईंनी माझ्यासमोरच निमकर सरांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"मॅडम, मुलगा सही देतोय ना? नियमात बसतं."

"सर, मी प्रबंधात काय सिद्ध करणार आहे? की हा माणूस दोन शब्दांत सगळं सांगू शकतो. नकारसुद्धा."

"बरोबर."

"तो त्याने दिलाय."

निमकर सर उत्साहाने म्हणाले, "मॅडम, हे तर फार सुंदर उदाहरण आहे! हे पहिल्या प्रकरणात घ्या ना!"

"सर," सुनंदाताई म्हणाल्या, "तुम्ही काय बोललात ते परत ऐकता का एकदा?"

सर ओशाळले असावेत. मी मात्र चिडलो. "ताई, कमाल करता. लोकांची नावं न देता छापता येतं. वर्ष फुकट जाईल. एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी?"

"मला जेवणापर्यंत 'पाणी' म्हणायला लावलं ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिथे चाळीस पोरी ऐकत होत्या. मी नको म्हटलं होतं. कुणाला ऐकूच आलं नाही." यावेळी त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांसमोर बसून त्यांचं सगळं रेकॉर्डिंग एकेक करून पुसलं. प्रत्येक वेळी मोबाइल त्यांना दाखवत होत्या. शेवटचं पुसल्यावर काकांनी शेवट वर चढवून दोन शब्द म्हटले आणि ताई चहा ठेवायला उठल्या.

डिसेंबर उलटला. प्रवेश रद्द झाल्याचं पत्र आलं. ताईंनी ते वाचून त्यातल्या 'कळविण्यात येते की' या प्रयोगाचं कौतुक केलं. "परत परीक्षा देईन. प्रश्न पाठ आहेत माझे."

आता त्यांचं राण्यांकडे जाणं बंद होईल असं मी गृहीत धरलं. विषयच संपला होता. जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी इमारतीच्या दुरुस्तीचा फॉर्म घेऊन मी राण्यांकडे गेलो. संदेश-पूर्वा बाहेर गेले होते. दार नुसतं लोटलेलं. आत ढकलणार, तोच आवाज आला.

"शिरा पडली."

आवाज बाईचा होता.

फटीतून दिसलं. सुनंदाताई दाराकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या. हातात वही नव्हती, मोबाइल नव्हता. त्या तेच दोन शब्द म्हणत होत्या. आधी भराभर, मग थांबून थांबून, एकदा हसून, एकदा कुणाची तरी नक्कल केल्यासारखं. काका मध्येच बारीक आवाजात तेच म्हणत, आणि त्या "अंहं" करून पुढे सुरू होत. मग त्यांचा आवाज 'पडली'वर अडकला आणि तिथेच राहिला. काकांनी डावा हात लांब करून बिस्किटांची बशी ताईंच्या बाजूला सरकवली.

मी फॉर्म घेऊन बाहेर पायरीवर बसून राहिलो. पंधरा मिनिटांनी ताई बाहेर आल्या. मला पाहून चपापल्या, मग पदराने नाक पुसलं. आम्ही बरोबरच जिना चढायला लागलो.

"काय बोलत होता एवढं?" मी विचारलं.

"खाजगी आहे," त्या म्हणाल्या. पहिला मजला आला. त्या कठड्याला धरून जरा थांबल्या. "सोलापूर एक्स्चेंजला एकजण होता. ट्रंक लाइनवर बोलायचो आम्ही, कॉल नसले की. चार वर्षं. मग थेट डायल करायची सोय आली, ती लाइन बंद झाली. मराठीत कधी सांगताच आलं नाही बघ कुणाला."

"मग काकांना कळलं?" मी विचारलं.

"कळलं म्हणजे? मध्येच विचारलं त्यांनी, त्याचं लग्न झालं का म्हणून."

"मग?"

"झालं, म्हटलं," सुनंदाताई म्हणाल्या आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागल्या.